हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.)
आज्ञापालन आणि रहम यांचा धडा देणारे एक जीवन

परभणीहून मनमाडकडे जाणारी गाडी सेलू, परतूर, जालना ही स्टेशने मागे टाकून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला पोहोचते. तेथून दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला ठेवून घाट चढले की खुलताबाद लागते. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे वर्षातून एकदा तरी या वाटेने जातात. जुनी माणसे या गावाला अजूनही रौजा म्हणतात. येथे बादशहा औरंगजेब यांची साधी, उघडी कबर आहे. नहर बांधणारा मलिक अंबर येथेच चिरविश्रांती घेत आहे. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचे संस्थापक पहिले निजाम-उल-मुल्क आसफजाह यांचीही कबर येथे आहे. त्यांच्या घराण्याच्या राज्यात आपली परभणी १९४८ पर्यंत होती.

एवढे बादशहा, वजीर आणि सुभेदार या एका लहानशा गावात का येऊन निजले, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की, त्यांच्या कितीतरी आधी येथे काही फकीर येऊन निजले होते. पहिले आसफजाह ज्यांच्या दर्ग्याच्या अंगणात दफन आहेत, त्या फकिराच्या नावातच गरीब हा शब्द आहे. ते म्हणजे हजरत ख्वाजा बुरहानुद्दीन गरीब (रह.). अल्लाहची हाक ऐकणे आणि त्याच्या बंद्यांवर रहम करणे या दोन गोष्टी माणूस कशा शिकतो, हे त्यांच्या जीवनावरून फार चांगले समजते.

हांसी ते दिल्ली

हजरत बुरहानुद्दीन यांचा जन्म तेराव्या शतकात हांसी येथे झाला. हे गाव आजच्या हरियाणा राज्यात आहे. त्या काळी ते इल्म आणि सूफी परंपरा या दोहोंसाठी नावाजलेले होते. लहान वयातच त्यांनी अरबी भाषा, फिक्ह आणि इतर धार्मिक विद्या आत्मसात केल्या. पुढे ते दिल्लीस आले आणि यमुनेच्या काठी गियासपूर येथे राहणाऱ्या हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे मुरीद झाले.

गियासपूरची खानकाह हे त्या काळातील एक मोठे विद्यालयच होते, असे म्हणावयास हरकत नाही. तेथे फी नव्हती, परीक्षा नव्हती आणि दाराला कुलूपही नव्हते. दिवसभर लंगर चाले. व्यापारी, शिपाई, विद्यार्थी, कर्जबाजारी, घरातून रुसून निघालेले तरुण असे सर्व प्रकारचे लोक येत. सुप्रसिद्ध कवी अमीर खुसरो आणि अमीर हसन सिज्जी हे येथेच हजरत बुरहानुद्दीन यांचे स्नेही झाले. अमीर हसन यांनी १३०८ ते १३२२ या काळात आपल्या मुर्शदांची प्रवचने टिपून ठेवली. फवाइदुल फुआद या नावाने तो ग्रंथ आजही जगभर अभ्यासला जातो. हे अमीर हसनही अखेरीस खुलताबादच्याच मातीत विसावले.

या खानकाहमध्ये दोन गोष्टींवर भर होता. हजरत निजामुद्दीन आपल्या शिष्यांना सांगत की, अल्लाहची आज्ञा पाळण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे नमाज, रोजा, तसबीह, हज. त्याचा लाभ करणाऱ्याला मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे भुकेल्याला अन्न देणे, दुःखी माणसाचे मन राखणे, दुसऱ्यासाठी झिजणे. त्याचा लाभ इतरांना मिळतो आणि त्याच्या सवाबाला मोजमाप नाही. पहिल्याला लाजिमी आणि दुसऱ्याला मुतअद्दी अशी नावे आहेत. नावे कठीण असली तरी अर्थ सोपा आहे. एक इबादत आपल्यापाशी राहते, दुसरी आपल्यापासून निघून शेजाऱ्याच्या घरी जाते.

मुर्शद हे नुसते सांगून थांबत नसत. ते बहुतेक दिवस रोजा ठेवीत. सेहरीच्या वेळी खादिम जेवण घेऊन येई तेव्हा कितीदा तरी घास त्यांच्या घशाखाली उतरत नसे. शहरातील मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या फळ्यांवर लोक उपाशी झोपले असतील, हे त्यांना आठवे आणि ते जेवण परत पाठवीत. अशा गुरूच्या सहवासात हजरत बुरहानुद्दीन यांची कित्येक वर्षे गेली. मुर्शदांवर त्यांची एवढी श्रद्धा होती की आयुष्यभर त्यांनी गियासपूरच्या दिशेला पाठ केली नाही, असे सांगतात.

घोंगडीची गोष्ट

आता जी हकिकत सांगावयाची आहे ती अमीर खुर्द यांच्या सियरुल औलिया या ग्रंथात आली आहे. आपल्या मुलांना ती अवश्य सांगावी.

हजरत बुरहानुद्दीन यांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे गेले होते. शरीर थकले होते, हाडे दुखत होती. जमिनीवर बसणे सोसेना म्हणून ते आपली घोंगडी दुहेरी घडी करून तिच्यावर बसू लागले. बस, एवढीच गोष्ट. परंतु दोघा जणांनी ती वेगळ्या रंगात मुर्शदांच्या कानावर घातली. बुरहानुद्दीन आता आपली गादी घालून शेख होऊन बसले आहेत, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. सूफींच्या मार्गात मुर्शद हयात असताना आपणच गुरू होऊन बसणे हा मोठा अपराध मानला जाई. हजरत निजामुद्दीन यांना अतिशय वाईट वाटले.

नेहमीप्रमाणे हजरत बुरहानुद्दीन भेटीस आले. मुर्शद त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. ते बाहेर जमातखान्यात येऊन बसतात न बसतात तोच खादिम निरोप घेऊन आला की त्यांनी ताबडतोब येथून निघून जावे. विचार करा, आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या दारात घालविली, त्या दारातून म्हाताऱ्या माणसाला सर्वांदेखत घालवून देण्यात आले. अपराध कोणता, तर दुखणाऱ्या हाडांसाठी घोंगडीची एक घडी.

आपल्यापैकी कोणी असते तर काय केले असते? वाद घातला असता, चहाडी करणाऱ्यांची नावे शोधली असती, दुसरा गुरू गाठला असता. हजरत बुरहानुद्दीन यांच्याजवळ विद्या होती, वय होते, चाहतेही होते. त्यांनी मनात आणले असते तर वेगळी खानकाह उभारणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी यांतले काहीच केले नाही. ते उठले आणि निघाले. घरी जाऊन ते शोक करीत बसले. शहरातील लोक मयताच्या घरी जावे तसे त्यांच्याकडे सांत्वनाला येऊ लागले.

अखेर ही गोष्ट अमीर खुसरो यांना सहन झाली नाही. दरबारात मान असलेला हा थोर कवी आपली पगडी गळ्यात अडकवून मुर्शदांसमोर जाऊन उभा राहिला. त्या काळी गुन्हेगार माफी मागताना पगडी अशी गळ्यात घालून येत. मुर्शदांनी विचारले तेव्हा खुसरोंनी आपल्या मित्रासाठी माफी मागितली. हजरत निजामुद्दीन यांचे मन द्रवले आणि त्यांनी बुरहानुद्दीन यांना बोलावण्यास सांगितले. मग तेही गळ्यात पगडी घालून आले, पायाशी वाकले, आणि मुर्शदांनी त्यांना जवळ घेतले. त्यांनी पुन्हा नव्याने बैअत केली. सत्तरी ओलांडलेला माणूस पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यासारखा पुन्हा शिष्य झाला.

हजरत युनूस (अलै.) यांची आठवण

ही हकिकत वाचताना कुराण शरीफातील हजरत युनूस (अलै.) यांच्या प्रसंगाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कुराणातील दहाव्या सूरेला त्यांचेच नाव आहे. आपली कौम ऐकत नाही म्हणून ते रागाने तिला सोडून निघाले. अल्लाहच्या हुकुमाची वाट त्यांनी पाहिली नाही. भरलेल्या नावेत बसले, चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यांचेच नाव निघाले आणि माशाच्या पोटात ते गडप झाले. त्या काळोखात त्यांनी आपली चूक कबूल केली व अल्लाहचा धावा केला. अल्लाहने त्यांना किनाऱ्यावर आणले, सावलीसाठी एक वेल उगवली आणि मग त्यांना पुन्हा एक लाख किंवा त्याहून अधिक लोकांकडे पाठविले. ते लोकही तौबा करून वाचले.

पैगंबरांची बरोबरी कोणीही करू शकत नाही, हे उघड आहे. परंतु दोन्ही ठिकाणी अल्लाहची एकच रीत दिसून येते. ज्याला लोकांवर रहम करण्यासाठी पाठवावयाचे असते, त्याला आधी स्वतः रहमची गरज काय असते हे दाखविले जाते. ज्याने माफी मागितली आणि जिला माफी मिळाली अशी जीभ दुसऱ्याला कठोर बोलताना अडखळते.

दख्खनचा हुकूम

हजरत निजामुद्दीन यांचे १३२५ मध्ये निधन झाले. त्याच साली अमीर खुसरोही गेले. थोड्याच वर्षांत, म्हणजे १३२७ च्या सुमारास, सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी करण्याचे ठरविले. दिल्लीतील उमराव, विद्वान आणि सूफी यांना दख्खनला जाण्याचे फर्मान निघाले. हजरत बुरहानुद्दीन १३२९ च्या सुमारास दौलताबादेस आले. लोककथेत असे सांगतात की सातशे मुरीदांची पालखी घेऊन मुर्शदांनीच त्यांना दख्खनला धाडले होते, आणि त्यांचे बंधू हजरत मुन्तजिबुद्दीन जर जरी जर बख्श त्यांच्या आधीच येथे आले होते. कथा आणि इतिहास येथे एकमेकांत मिसळले आहेत. तथापि एवढे खरे की एक वृद्ध फकीर आपल्या मुर्शदांची कबर मागे ठेवून, शेकडो कोस चालत, अनोळखी मुलखात आला.

येथे गरीब या शब्दाचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. मराठीत आपण निर्धन माणसाला गरीब म्हणतो. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ परका, घरापासून दूर असलेला, असा आहे. दौलताबादेत त्या वेळी असे गरीब पुष्कळ होते. सुलतानाच्या एका हुकुमाने ज्यांची घरेदारे सुटली, ज्यांची म्हातारी माणसे वाटेत दगावली, असे कितीतरी लोक त्या किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन पडले होते. त्यांना समजून घेणारा माणूस हवा होता. ज्याला एकदा आपल्याच घरातून निघून जावे लागले होते, तोच हे काम उत्तम करू शकत होता.

दौलताबादची खानकाह

हजरत बुरहानुद्दीन यांनी गियासपूरची रीत येथे जशीच्या तशी चालू केली. लंगर सुरू झाला. येणाऱ्याला आधी जेवण, मग विचारपूस, हा नियम होता. आलेली देणगी साठवून ठेवावयाची नाही, हा दुसरा नियम. असे सांगतात की एकदा सुलतानाकडून तीन हजार टंक्यांची रक्कम आली. बादशाही देणगी परत केली तर उद्धटपणा, ठेवून घेतली तर लाचारी. हजरतांनी ती स्वीकारली, आपल्या खादिमाला घरात जे थोडेफार नाणे असेल तेही आणावयास सांगितले, दोन्ही एकत्र केले आणि सर्व रक्कम गरजूंना वाटून टाकली. सुलतानाचा हुकूम मोडला नाही आणि अल्लाहचाही हुकूम पाळला गेला.

दुसऱ्याने त्रास दिला तर त्याच मापाने परत करावयाचे नाही, ही चिश्ती सूफींची शिकवण होती. वाटेत कोणी काटे टाकले आणि आपणही काटेच टाकले तर शेवटी सगळी वाट काट्यांनी भरून जाईल, असे हजरत निजामुद्दीन समजावून सांगत. त्यांचा हा शिष्य तोच धडा दख्खनमध्ये देत राहिला.

आपल्या संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ही खानकाह विद्येचेही केंद्र होती. काशानी घराण्यातील भाऊ हजरतांचे शिष्य होते. त्यांपैकी हम्माद काशानी, रुक्नुद्दीन काशानी आणि मजदुद्दीन काशानी यांनी हजरतांची वचने व हकिकती ग्रंथरूपाने लिहून ठेवल्या. अहसनुल अकवाल आणि नफाइसुल अनफास हे त्यांतील दोन ग्रंथ होत. रुक्नुद्दीन यांनी शमाइलुल अतकिया हा मोठा ग्रंथ रचला. त्यासाठी त्यांनी अडीचशेच्या आसपास पुस्तकांचा आधार घेतला होता. छापखाना नव्हता, कागद महाग होता, आणि तरीही चौदाव्या शतकातील दौलताबादेत एक विद्यार्थी अडीचशे ग्रंथ वाचून लिहीत होता. पुढे सतराव्या शतकात मीरां याकूब यांनी हा ग्रंथ फारसीतून दख्खनी भाषेत आणला, म्हणजे सामान्य माणसाच्या बोलीत आणला. आपल्या घरांत आज जी बोली ऐकू येते तिची ती थोरली बहीण.

खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी यांची हकिकतही अशीच बोधप्रद आहे. ते स्वतः मोठे आलिम व शिक्षक होते आणि आरंभी सूफींच्या काही चालीरीतींवर त्यांचे आक्षेप होते. ते शंका घेऊन आले, समाधान झाल्यावर शिष्य झाले. शंका घेणाऱ्या विद्वानाला हजरतांनी झिडकारले नाही, उलट पुढे आपली जागा त्यालाच दिली. औरंगजेब यांची कबर याच हजरत जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या अंगणात आहे.

सप्टेंबर १३३७ मध्ये, हिजरी सन ७३८ च्या सफर महिन्याच्या ११ तारखेस, हजरत बुरहानुद्दीन गरीब यांनी देह ठेवला. पुढे सुमारे १४०० साली खानदेशच्या नासिर खान फारूकी याने तापीच्या काठी शहर वसविले आणि त्याला हजरतांच्या नावावरून बुऱ्हाणपूर हे नाव दिले. समोरच्या काठावरील वस्तीला हजरत जैनुद्दीन यांच्यावरून जैनाबाद म्हणू लागले. अशी एक दंतकथा आहे की, हजरतांच्या पश्चात दर्ग्याच्या खादिमांजवळ खर्चायला काही उरले नाही, तेव्हा अंगणातील फरशीतून चांदीचे अंकुर फुटू लागले. ती कथा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. ज्या घरात काही साठवून ठेवले जात नव्हते त्या घराविषयी लोकांनी अशी कथा रचावी, यातच त्या घराची थोरवी आहे.

आपल्यासाठी धडा

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत गुरुजी रागावले, कधी चुकीच्या माहितीवरून रागावले, तर अपमान वाटतो. दप्तर आपटून निघून जावेसे वाटते. अशा वेळी घोंगडीची ती घडी आठवावी. आपली बाजू नम्रपणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, तो जरूर वापरावा. परंतु एका रागाच्या भरात विद्येचे दार आपल्याच हाताने बंद करून घेऊ नये. हजरत बुरहानुद्दीन त्या दिवशी दुसऱ्या दाराकडे गेले असते, तर दौलताबादच्या गरिबांना त्यांचा पत्ताही लागला नसता.

पालक बंधू-भगिनींनो आणि शिक्षकांनो, या हकिकतीत आपल्यासाठीही शब्द आहे. हजरत निजामुद्दीन यांच्यासारख्या वलीच्या कानावरही अर्धी गोष्ट घातली गेली. मग आपल्या कानावर येणाऱ्या गोष्टींची काय कथा? आणि त्यांच्या थोरपणाची खूण अशी की, राग आला तरी त्यांनी परतीचा दरवाजा उघडा ठेवला. शिस्त हवीच. शिस्तीशिवाय ना नमाज होते ना शिक्षण. परंतु ज्या शिक्षेतून परत येण्याची वाट नाही ती शिक्षा मुलाला घडवीत नाही, गमावते.

सर्वांत अधिक आपल्याला गरज आहे ती अमीर खुसरोंची. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुले दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी होतात. नापास झालेला मुलगा गॅरेजवर कामाला लागतो. हुशार मुलीचे शिक्षण एखाद्या शेजाऱ्याच्या बोलण्यावरून थांबते. या प्रत्येक वेळी कोणीतरी मधे पडावयास हवे असते. आपली पगडी, म्हणजे आपला मान, थोडा वेळ गळ्यात अडकवून शाळेच्या दारात किंवा त्या मुलीच्या बापासमोर उभे राहणारा एखादा चाचा, एखादी खाला, एखादा माजी विद्यार्थी. खुसरोंची कीर्ती काव्यामुळे आहे हे खरे. परंतु त्या दिवशी ते पुढे झाले नसते तर खुलताबादचा इतिहास वेगळा झाला असता.

परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक एकत्र येतात. मराठवाड्याच्या मातीला ही सवय फार जुनी आहे, आणि ती ज्यांनी लावली त्यांत दौलताबादेस आलेल्या त्या थकल्या पावलांचा मोठा वाटा आहे. पुढच्या वेळी खुलताबादला जाल तेव्हा मुलांना बादशहांच्या कबरी दाखवा, आणि त्यांना हेही सांगा की येथे एक असा माणूस निजला आहे ज्याने म्हातारपणी पुन्हा पहिलीच्या वर्गात बसण्यात कमीपणा मानला नाही.

अल्लाह आपल्याला त्याची हाक ऐकण्याची आणि त्याच्या बंद्यांवर रहम करण्याची तौफिक देवो. आमीन.